मृत्यूची नोंदवही कोण वाचतो?

लखनौच्या हजरतगंजातून कोणत्याही दिशेला अर्धा तास चालत गेले तरी सार्वजनिक आरोग्याशी संबंध असलेली संस्था वाटेत आल्याशिवाय राहत नाही. विधान भवन इथलेच. विधानसभा मार्गावर राष्ट्रीय आरोग्य अभियानाचे राज्य कार्यालय, पार्क रोडवर सिव्हिल हॉस्पिटल, महात्मा गांधी मार्गावर भारतीय विषविज्ञान संशोधन संस्था आणि पलीकडे लालबागेत नगर निगमाचे मुख्यालय. केंद्रीय औषध संशोधन संस्था १९५१ मध्ये सुरू झाली ती इथून जवळच, गोमतीकाठच्या छत्तर मंझिलमध्ये. चौकाकडे वळले की शंभर वर्षे ओलांडलेले किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठ. मराठी माणसाला हा भाग माहीत असतो तो कैसरबागेत भातखंड्यांनी उभारलेल्या संगीत विद्यालयामुळे. पण सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासकाला इतक्या लहान परिघात इतके ज्ञान एकवटलेले भारतात फार थोड्या ठिकाणी सापडेल. तरीही उत्तर प्रदेशात जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी सुमारे पन्नास पहिल्या वाढदिवसाआधी दगावतात, असे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी (२०१९–२१) सांगते. त्याच फेरीत महाराष्ट्राचा आकडा तेवीस आहे. दोन आकड्यांमधल्या अंतराला गरिबी, स्त्रीशिक्षण, रस्ते, दवाखाने अशी अनेक कारणे आहेत आणि त्यांची चर्चा पुष्कळ झाली आहे. इथे विचार करायचा आहे तो एका कमी चर्चिलेल्या कारणाचा. या शहरात स्थानिक शासनावर संशोधन होते, स्थानिक शासनाच्या माणसांना हाताशी धरून होते, पण स्थानिक शासनाने स्वतःला पडलेल्या प्रश्नासाठी केलेले संशोधन जवळजवळ दिसत नाही.

किंग जॉर्ज विद्यापीठ आणि ऑक्सफर्ड यांनी मिळून केलेली ‘देवता’ चाचणी हे याचे ठळक उदाहरण. लखनौच्या आसपासच्या सात जिल्ह्यांतले ७२ विकासगट, आठ हजारांहून अधिक अंगणवाड्या आणि कोणत्याही वेळी सुमारे दहा लाख बालके, असा तिचा आवाका होता. जीवनसत्त्व ‘अ’ आणि जंतनाशक गोळ्या दर सहा महिन्यांनी दिल्याने बालमृत्यू घटतात का, हा प्रश्न. काम १९९९ ते २००४ या काळात झाले आणि निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले २०१३ मध्ये. जीवनसत्त्वामुळे मृत्यूत जेमतेम चार टक्के घट दिसली आणि तीही योगायोगाने आलेली नाही असे म्हणता येत नव्हते. इतक्या विरळ देखरेखीत मात्रा खरोखर मुलांच्या तोंडापर्यंत पोचल्या का, अशी शंका जगभरच्या तज्ज्ञांनी काढली आणि तो वाद रीतसर गाजला. पण या वादात अंगणवाडी सेविका, मुख्यसेविका, जिल्हा कार्यक्रम अधिकारी यांपैकी कोणाचाच आवाज नव्हता. मात्रा पोचली की नाही हे सर्वांत आधी ज्यांना कळणार, त्यांना प्रश्न विचारण्याचा अधिकार नव्हता आणि तसे प्रशिक्षणही नव्हते. उत्तर येईपर्यंत चाचणीत सामील झालेली मुले हायस्कूलच्या वयात पोचली होती.

दुसरे उदाहरण अधिक बोचरे आहे. प्रसूतीच्या वेळी करायच्या साध्या गोष्टींची जागतिक आरोग्य संघटनेची एक यादी आहे: हात धुणे, रक्तदाब मोजणे, बाळाला आईच्या त्वचेलगत ठेवणे, आणि अशाच इतर. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाच्या मदतीने कर्नाटकातल्या एका प्रसूतिकेंद्रात ती आधी वापरून पाहिली, तेव्हा आवश्यक २९ कृतींपैकी सरासरी दहा होत होत्या त्या पंचविसांवर गेल्या. या यशाच्या बळावर उत्तर प्रदेशातल्या २४ जिल्ह्यांत, १२० केंद्रांवर, दीड लाखाहून अधिक माता-बालकांवर मोठी चाचणी झाली. निष्कर्ष २०१७ च्या अखेरीस आले. मार्गदर्शक येत होते तोवर परिचारिकांचे वर्तन सुधारले, ते येणे थांबल्यावर सुधारणा ओसरू लागली, आणि माता-बालकांचे मृत्यू व गंभीर आजार यांत दोन गटांत फरक पडला नाही: एकीकडे १५.१ टक्के, दुसरीकडे १५.३. हे संशोधन प्रामाणिक होते. अपयश लपवले नाही, हे तर विशेष. पण असे का झाले? केंद्रात रक्ताची सोय नव्हती, वरच्या रुग्णालयात पाठवायला वेळ लागला, की यादीतली कामे कागदावर होत होती आणि हाताने अर्धीमुर्धी? प्रत्येक केंद्राचे उत्तर वेगळे असणार. ते शोधायला तिथेच राहणारा, तिथलाच पगार घेणारा आणि तिथल्या नोंदी वाचू शकणारा कोणीतरी लागतो. चाचणीचा चमू तर निधी संपला की उठून जाणार, आणि त्याला त्याबद्दल दोष देता येणार नाही.

मग तो ‘कोणीतरी’ कोण? इथे लखनौची रचनाच आडवी येते. ७४ व्या घटनादुरुस्तीने १९९२ मध्ये बारावी अनुसूची आणली, तिच्यात सार्वजनिक आरोग्य व स्वच्छता हा विषय शहरी स्थानिक संस्थांच्या यादीत सहावा आहे. प्रत्यक्षात उत्तर प्रदेशात शहरी प्राथमिक आरोग्य केंद्रे, आशा, एएनएम हे सारे राज्याच्या आरोग्य खात्याकडे, म्हणजे जिल्ह्याच्या मुख्य चिकित्सा अधिकाऱ्याकडे. अंगणवाड्या तिसऱ्याच खात्याकडे. नगर निगमाच्या आरोग्य अधिकाऱ्याकडे मुख्यतः झाडलोट, डासांची फवारणी आणि जन्ममृत्यूची नोंद. मुंबई-पुण्याच्या वाचकाला हे पटकन उमजत नाही, कारण तिथे महापालिकेचे स्वतःचे दवाखाने, प्रसूतिगृहे, वैद्यकीय महाविद्यालये आहेत. लखनौत डासांची अळी एकाच्या अखत्यारीत आणि डेंग्यूचा रुग्ण दुसऱ्याच्या. विषविज्ञान संस्था दरवर्षी पावसाळ्याआधी आणि नंतर चारबाग, अमीनाबाद, अमौसी अशा ठिकाणची हवा मोजून अहवाल काढते. धाप लागलेला माणूस सिव्हिलच्या केसपेपरवर उतरतो. आणि तो गेला तर त्याचे नाव मृत्युनोंदीत येते. तिन्ही कागद एकमेकांपासून फार लांब नाहीत, पण त्यांना शेजारी ठेवून बघणे हे कोणाच्याच कामाच्या यादीत नाही. त्यात छेदाचा घोळ. २०११ च्या जनगणनेत शहर २८ लाखांचे होते. त्यानंतर सीमेवरची ८८ गावे निगमात आली, आणि ११० प्रभागांपैकी एकेकात आज नेमकी किती माणसे राहतात हे अंदाजावर चालते. छेद माहीत नसेल तर दर काढता येत नाही, आणि दर नसेल तर कुठल्या प्रभागात जास्त माणसे मरतात हे सांगता येत नाही. फक्त कुठे जास्त मेली एवढेच.

मुंबईचा इतिहास या बाबतीत दोन्ही बाजूंनी शिकवणारा आहे. तिथल्या पालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्याचा वार्षिक अहवाल एकोणिसाव्या शतकापासून मृत्यूचे आकडे विभागवार देत असे. १९२१ साली शहराचा नोंदलेला अर्भकमृत्युदर हजारी सहाशेच्या वर होता, आणि आरोग्य खात्याने तो खोल्यांच्या संख्येनुसार फोडून दाखवला: एका खोलीत जन्मलेल्यांत हजारी आठशेच्या वर, चार किंवा अधिक खोल्यांच्या घरांत दीडशेच्या आत. आकडे फुगलेले होते. बाळंतपणाला बायका कोकणात, देशावर माहेरी जात. मूल जन्मे तिकडे, त्याची जन्मनोंद तिकडे, आणि मरे इकडे येऊन. पण हा दोष मान्य केला तरी पायऱ्या इतक्या उतरत्या आहेत की खोली आणि मृत्यू यांचे नाते लपत नाही. असा तक्ता काढायला कोणी ऑक्सफर्डहून आले नव्हते. पालिकेच्या कारकुनाने जन्माच्या नोंदीपुढे खोल्यांचा रकाना भरला होता, एवढेच. आणि पुढे काय झाले, तर १९२० ते १९२५ या काळात वरळी, नायगाव, डिलाइल रोड, शिवडी इथे दोनशेच्या आसपास बीडीडी चाळी उभ्या राहिल्या, त्याही बहुतांशी एकेका खोलीच्या बिऱ्हाडांच्या. मोजणारी पालिका होती, बांधणारे सरकारचे विकास खाते. संशोधनाचे कौशल्य आणि निर्णयाचा अधिकार वेगवेगळ्या घरांत राहिले की काय होते, याचा इतका ठोस पुरावा दुसरा क्वचितच मिळेल.

शंभर वर्षांनी, २०२० च्या जुलैत, त्याच महापालिकेने नीती आयोग आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेसह माटुंगा, चेंबूर पश्चिम आणि दहिसर या तीन विभागांत सुमारे सात हजार लोकांचे रक्त तपासले. झोपडपट्टीत ५७ टक्के लोकांत कोविडची प्रतिपिंडे सापडली, इतरत्र १६ टक्क्यांत. नोंदल्या गेलेल्या रुग्णसंख्येवरून कोणालाच हा अंदाज आला नव्हता. पालिकेकडे कस्तुरबा रुग्णालयाची प्रयोगशाळा होती, घरोघरी जाणाऱ्या आरोग्य सेविका होत्या आणि विभाग कार्यालयाची वस्तीत ओळख होती, म्हणून बाहेरच्या शास्त्रज्ञांचे काम महिन्याभरात उभे राहू शकले. भागीदारी तेव्हाच जमते जेव्हा दोन्ही बाजूंकडे आणायला काही असते.

अहमदाबादेची गोष्ट लखनौला अधिक जवळची आहे, कारण ती उन्हाची आहे. मे २०१० मध्ये तिथे पारा ४६.८ अंशांवर गेला. महापालिकेच्या मृत्युनोंदवहीतले दिवसागणिक आकडे आधीच्या व नंतरच्या वर्षाच्या मे महिन्याशी ताडून पाहिले तेव्हा त्या एका महिन्यात १,३४४ मृत्यू अधिकचे निघाले. उष्माघात म्हणून नोंदलेले मृत्यू याचा अगदी लहान अंश होते. बाकीची माणसे हृदय, मूत्रपिंड, ‘वार्धक्य’ अशा नावांखाली गेली होती. गांधीनगरची सार्वजनिक आरोग्य संस्था आणि काही परदेशी तज्ज्ञ सोबतीला होते, पण नोंदवही पालिकेची आणि २०१३ मध्ये निघालेला उष्णता कृती आराखडाही पालिकेचा. दक्षिण आशियातला तो पहिला; पुढे नागपूरनेही तसा केला. मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते पालिकेच्या शारदाबेन रुग्णालयातले लहानसे काम. तिथल्या डॉक्टरांनी नवजात बालकांच्या अतिदक्षता कक्षाच्या नोंदी चाळल्या, उन्हामुळे दाखल होणारी बाळे कोणत्या दिवसांत वाढतात ते पाहिले आणि बाळंतिणींचा कक्ष सर्वांत वरच्या, तापणाऱ्या मजल्यावरून खाली आणला. उन्हामुळे दाखल होणारी बाळे ६४ टक्क्यांनी घटली. या अभ्यासाला कुठलेही अनुदान लागले असेल तर ते खाटा हलवण्याचे. लखनौच्या मे-जूनबद्दल वेगळे सांगायला नको, आणि नोंदवही तर लालबागेतही आहे.

संशोधनकौशल्य म्हटले की पीएच.डी., सांख्यिकीची सॉफ्टवेअरे आणि इंग्रजी नियतकालिके डोळ्यांपुढे येतात. स्थानिक शासनाला त्यातले फार थोडे लागते. लागते ते एवढेच: कामातून उठलेला प्रश्न उत्तर देता येईल इतका लहान करणे, छेद ठरवणे, तुलना कशाशी करायची ते आधी लिहून ठेवणे, आणि उत्तर आपल्या विरुद्ध गेले तरी चार पानांत मांडणे. हे शिकवता येते, याला पुरावा आहे. जागतिक आरोग्य संघटना, क्षयरोगावर काम करणारी ‘द युनियन’ आणि ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ यांचा ‘सॉर्ट इट’ हा उपक्रम २००९ पासून कार्यक्रमांतच काम करणाऱ्यांना निवडतो, वर्षभरात आठवडाभराचे तीन वर्ग घेतो आणि ठरल्या मुदतीत निबंध सादर न करणाऱ्याला वगळतो. अभ्यास नव्या पैशांनी गोळा केलेल्या माहितीवर नसतो, रोजच्या रजिस्टरांवर असतो. चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगविज्ञान संस्थेने २००१ पासून नोकरीतल्या डॉक्टरांसाठी असाच अभ्यासक्रम चालवला आहे. एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्प २००४ मध्ये सुरू झाला तेव्हापासून ‘एस’, ‘पी’ आणि ‘एल’ फॉर्म दर आठवड्याला वर जात; आता ते पोर्टलवर जातात. खालच्या केंद्रात भरलेला फॉर्म वर पोचतो, वरून स्मरणपत्र खाली येते, पण त्या आकड्यांचा आलेख त्याच केंद्राच्या भिंतीवर लागलेला क्वचित दिसतो. माहिती गोळा करणाऱ्याला ती वाचायची मुभा मिळणे, ही कौशल्याची पहिली पायरी आहे.

यावर पहिला आक्षेप व्यवहारी माणसाचा: काय करायचे ते सगळ्यांना ठाऊक आहे. स्वच्छ पाणी, लसी, पोषण, परिचारिकांची भरती. संशोधन कशाला, कामे करा. या म्हणण्यात तथ्य आहे, आणि अहवाल मागवून निर्णय लांबवण्याची सरकारी सवय पाहता रागही रास्त आहे. पण ‘ठाऊक आहे’ या खात्रीची किंमत पूर्व उत्तर प्रदेशाने मोजली. २००५ मध्ये गोरखपूर परिसरात मेंदूज्वराने तेराशेहून अधिक बळी घेतले, त्यात बहुतेक बालके. जपानी मेंदूज्वर हेच कारण मानले गेले, २००६ पासून लसीकरण झाले, त्या विषाणूचे रुग्ण घटलेही. तरी दर पावसाळ्यात मुले तापाने येत आणि दगावत राहिली. चेन्नईच्या साथरोग संस्थेने आणि गोरखपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयाने २०१५ नंतर नीट शोध घेतला तेव्हा तपासलेल्यांपैकी जवळपास साठ टक्के मुलांत स्क्रब टायफसचा पुरावा मिळाला. हा झुडपांतल्या बारीक किड्यांमुळे होणारा आजार. त्यावर डॉक्सिसायक्लिन किंवा अझिथ्रोमायसिन ही साधी, स्वस्त औषधे चालतात, मात्र ताप मेंदूत चढण्याआधी, म्हणजे गावाजवळच्या आरोग्य केंद्रातच द्यायला हवीत. पुढे तसे धोरण आले. लस देणे चूक नव्हते. लशीनंतर उरलेली मुले कोणत्या आजाराची, हे विचारायला दहा वर्षे लागली. जिल्ह्यातच हा प्रश्न विचारणारा माणूस असता तर तो किती आधी विचारला गेला असता, याचा हिशेब करणे अवघड आहे आणि थोडे क्रूरही.

दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. स्थानिक शासनाने स्वतःचाच अभ्यास करायचा म्हणजे स्वतःच पेपर लिहून स्वतःच गुण द्यायचे. महाराष्ट्रातला अनुभव या शंकेच्या बाजूने साक्ष देतो. २००१ च्या ‘कोवळी पानगळ’ या अहवालाने दाखवले की राज्यातले बहुसंख्य बालमृत्यू सरकारी नोंदींत येतच नव्हते. त्यानंतर शासनाला डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखाली बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमावी लागली. खालच्या कर्मचाऱ्याने मृत्यू लपवला तो आळसाने कमी आणि भीतीने जास्त, कारण आढावा बैठकीत मृत्यू सांगणाऱ्याचीच खरडपट्टी निघे. अशा वातावरणात कितीही प्रशिक्षण दिले तरी ते आकडे नीटनेटके सजवण्याच्याच कामी येईल. म्हणून कौशल्याइतकेच संरक्षण लागते: मृत्यूच्या चौकशीचा कागद शिस्तभंगाच्या फायलीत जाणार नाही ही लेखी हमी, आणि दरवर्षी काही नोंदी बाहेरच्या संस्थेकडून पुन्हा तपासून घेण्याची पद्धत. गडचिरोलीत ‘सर्च’ने १९९३ पासून जे केले त्यात नेमके हेच होते. ३९ गावांत घरोघरी नवजात बालकांची काळजी, तुलनेला ४७ गावे, आणि प्रत्येक जन्म व मृत्यू दुसऱ्या माणसाकडून पडताळलेला. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापले आणि पुढे देशभरच्या आशांकडून ही पद्धत राबवली गेली, ती या पडताळणीच्या जोरावर. काम करणाऱ्यांनीच केलेले संशोधन अविश्वासार्हच असते, हे म्हणणे तिथे टिकत नाही. मात्र ‘सर्च’ ही स्वयंसेवी संस्था आहे, तिला बदलीची आणि बैठकीची भीती नव्हती, हा फरकही विसरता कामा नये.

मग हे विद्यापीठावरच का सोपवू नये? किंग जॉर्जमध्ये समाजवैद्यक विभाग आहे, विद्यार्थी आहेत, प्रबंधांना विषय हवेच असतात. सोपवावे, पण सगळे नाही. विद्यापीठाचा प्रश्न जगाला नवा असावा लागतो. निगमाचा प्रश्न बहुतेकदा जगाला जुना आणि फक्त त्या प्रभागाला नवा असतो. अमुक मोहल्ल्यात कावीळ फुटलेल्या जलवाहिनीतून की टँकरच्या पाण्यातून, हे कोणतेही नामांकित नियतकालिक छापणार नाही. इंग्लंडने २०१३ मध्ये सार्वजनिक आरोग्याची जबाबदारी स्थानिक परिषदांकडे दिली आणि नऊ वर्षांनी ओळखले की परिषदांकडे संशोधनाची क्षमताच नाही. म्हणून २०२२ मध्ये तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संशोधन संस्थेने ब्रिटनमधल्या पहिल्या तेरा स्थानिक प्राधिकरणांना ५ कोटी पौंड देऊ केले, पुढे संख्या तिसाच्या घरात गेली. अट अशी की संशोधन केंद्र परिषदेच्या आत असेल आणि विद्यापीठ भागीदार असेल, मालक नव्हे. श्रीमंत देशाचे उदाहरण नको असेल तर तमिळनाडू आहे: १९३९ चा सार्वजनिक आरोग्य कायदा, स्वतंत्र संचालनालय आणि त्या विषयाची पदविका घेतलेल्या अधिकाऱ्यांचा स्वतंत्र संवर्ग. तिथला आरोग्य अधिकारी शस्त्रक्रियागृहातून उचलून आणलेला नसतो.

पैशांची सबब फारशी चालत नाही. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ साठी स्थानिक संस्थांमार्फत आरोग्यावर खर्च करायला ७०,०५१ कोटी रुपयांची शिफारस केली होती. ती मुख्यतः इमारती, तपासण्या आणि केंद्रांसाठी होती, माणसांच्या विचारशक्तीसाठी वेगळा शीर्ष तिच्यात नव्हता. लखनौला लागणारी रक्कम त्या मानाने नगण्य आहे. नगर निगम आणि मुख्य चिकित्सा अधिकारी यांचा मिळून एक कक्ष, साथरोगशास्त्र शिकलेला एक अधिकारी, नोंदी नीट मांडणारे दोघे आणि किंग जॉर्जमधून आठवड्यातून एकदा येणारा मार्गदर्शक. भीती एकच, बदलीची. निगमाचा आरोग्य अधिकारी राज्य सेवेतून येतो आणि कधी परत जाईल याचा नेम नसतो. म्हणून कक्षप्रमुखाला निदान तीन वर्षे हलवू नये. पहिल्या वर्षाचे काम तर समोरच आहे. देशात २०२० मध्ये नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम २२ टक्क्यांना डॉक्टरने प्रमाणित केलेले कारण होते, त्यामुळे कारणांच्या मागे लागण्यात अर्थ नाही. पण तारीख, वय, लिंग आणि पत्ता हे चार रकाने बहुतेक ठिकाणी भरलेले असतात. मागच्या दहा वर्षांच्या एप्रिल ते जुलैमधले मृत्यू दिवसागणिक मांडावेत, अमौसी विमानतळावरच्या तापमानाशी जुळवावेत आणि ११० प्रभागांच्या नकाशावर टाकावेत. पत्ते अर्धवट निघतील. सिव्हिल रुग्णालयात गेलेला बाराबंकीचा रुग्ण हजरतगंजच्या नावावर चढलेला सापडेल, जसे शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या खात्यावर कोकणातली बाळे चढली होती. ती दुरुस्ती करतानाच कक्षातल्या तिघांचे निम्मे शिक्षण होईल.